क्रिप्टो पाठवताना: पत्ता आधी, फी नंतर

हिशोबी

"फी किती ठेवू?" हे पाठवण्याआधी विचारलं जातं आणि "पत्ता बरोबर होता ना?" हे पैसे गेल्यावर. क्रम उलटा हवा. फी कमी पडली तर व्यवहार रखडतो, पण त्याला इलाज आहेत. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाणं परत फिरवायला मात्र मध्ये कुणीच बसलेलं नाही. म्हणून हा धागा दोन्हींसाठी, आणि आकड्यांसकट. जिथे चुकेन तिथे लगेच टोका.

पाठवण्याआधी चार गोष्टी पक्क्या हव्यात: नाणं कोणतं, नेटवर्क कोणतं, पत्ता कोणता, आणि मेमो किंवा टॅग (पैसे कुणाचे ते सांगणारी जादा नोंद) लागतो का.

यात नेटवर्कची चूक सगळ्यात फसवी, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ईथरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस या सगळ्यांवर पत्ता "०एक्स"नेच सुरू होतो आणि पुढे ४० अक्षरं असतात. पत्ता तोच, चेन (म्हणजेच नेटवर्क) वेगळी. वॉलेट काहीही तक्रार करत नाही, व्यवहार यशस्वी दिसतो, आणि घेणारा दुसऱ्याच चेनवर वाट बघत बसतो. यूएसडीटीसारखं डॉलरशी बांधलेलं टोकन (दुसऱ्याच्या चेनवर चालणारं नाणं) तर डझनभर चेनवर आहे. त्यामुळे "यूएसडीटी पाठव" हे वाक्य अपुरं आहे. "ट्रॉनवर यूएसडीटी" किंवा "आर्बिट्रमवर यूएसडीटी" असंच बोलायचं.

पद्धत अशी. घेणाऱ्याने आधी आपल्याकडे नाणं निवडायचं, मग नेटवर्क, आणि त्यानंतर दिसेल तो पत्ता द्यायचा. पाठवणाऱ्याने आपल्याकडे तेच नेटवर्क निवडायचं. पत्ता कॉपीच्या बटणाने किंवा क्यूआरने घ्यायचा, हाताने कधीच टंकायचा नाही. पेस्ट झाल्यावर मुळाशी ताडून बघायचा. हार्डवेअर वॉलेट असेल तर संगणकाच्या पडद्यावरचा पत्ता धरायचा नाही, उपकरणाच्या छोट्या पडद्यावर दिसतो तोच खरा. मग थोडी रक्कम चाचणीसाठी, ती समोर जमा झाली की उरलेली.

कळफलक

पत्ता "ताडून बघायचा" म्हणजे नेमका किती, हे सांगायला हवं. बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतात, कारण वॉलेट तेवढीच दाखवतं, मध्ये ठिपके. फसवणारेही नेमकं हेच गृहीत धरतात.

०एक्सवाल्या पत्त्यात प्रत्येक जागी १६ शक्यता असतात. पुढची ४ आणि मागची ४ जुळवायची म्हणजे १६ चा आठवा घात, सुमारे ४२९ कोटी प्रयत्न. ग्राफिक कार्डाला हे काहीच नाही. पुढची ६ आणि मागची ६ जुळवायची तर तोच आकडा २८१ लाख कोटींवर जातो. तेही अशक्य नाही, फक्त महाग. म्हणून मोठी रक्कम असेल तर अख्खा पत्ता, चार-चार अक्षरांचे गट पाडून. ४२ अक्षरं वाचायला अर्धा मिनिट लागतो.

असे जुळे पत्ते तुमच्या इतिहासात घुसवण्याच्या युक्तीला "पत्त्याची विषबाधा" म्हणतात. तुम्ही कुणाला पैसे पाठवले की काही मिनिटांत त्या पत्त्यासारखा दिसणारा दुसरा पत्ता तुम्हाला शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतो. कधी खोट्या टोकनचा. तो तुमच्या यादीत अगदी वर येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता उचलता आणि तो नेमका त्याचा निघतो. मे २०२४मध्ये एका पाकिटातून १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचं ईथरियमवरचं टोकन रूप), म्हणजे त्या वेळचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, असेच एका जुळ्या पत्त्यावर गेले. त्यातही आधी छोटी चाचणी रक्कम बरोबर पत्त्यावर गेली होती! चाचणी नीट पार पडली, आणि मोठ्या रकमेच्या वेळी पत्ता इतिहासातून उचलला गेला. त्या प्रकरणात बरीचशी रक्कम नंतर परत मिळाली. त्यावर विसंबून चालणार नाही.

तेव्हा हिशोबींच्या पद्धतीत एक भर: चाचणीनंतरची दुसरी रक्कम पाठवतानाही पत्ता मूळ जागेवरूनच घ्या. व्यवहारांची यादी म्हणजे पत्त्यांची वही नव्हे. वॉलेटमध्ये पत्त्यांची वही वेगळी असते, एकदा नीट तपासून त्यात नावाने जतन करा.

दुसरा चोर क्लिपबोर्डवर बसतो. संगणकात शिरलेला व्हायरस पत्त्यासारखं काही कॉपी झालं की ते बदलून स्वतःचा पत्ता ठेवतो. कॉपी बरोबर, पेस्ट चुकीचं. म्हणून तपासायचं ते पेस्ट झाल्यावर.

वाटसरू

पण पत्त्यात चेकसम, म्हणजे चूक पकडणारी खूण, असतो ना? चुकलेला पत्ता वॉलेट घेतच नाही असं वाचलं आहे.

कळफलक

@वाटसरू, चेकसम टंकनाची चूक पकडतो, बदललेला पत्ता नाही. चोराचा पत्ताही चेकसमच्या दृष्टीने अगदी शुद्ध असतो.

बिटकॉइनचे "१" आणि "३"ने सुरू होणारे जुने पत्ते चार बाइटांचा चेकसम घेऊन येतात. "बीसी१"वाल्या पत्त्यांची रचना त्याहून चांगली: चार अक्षरांपर्यंतच्या चुका ती हमखास पकडते. ईथरियमवर चेकसम आहे तो लहान-मोठ्या लिपीच्या मिश्रणात. तिथे ए ते एफ ही अक्षरं काही कॅपिटल, काही छोटी अशी दिसतात ती शोभेसाठी नाहीत, तोच चेकसम आहे. सगळा पत्ता छोट्या लिपीत लिहिला की तो निघून जातो आणि एक अक्षर चुकलं तरी वॉलेट गप्प राहतं. कुणी असा सपाट पत्ता दिला तर मिश्र लिपीतला मागून घ्या.

वाटसरू

आणि चाचणी रक्कम प्रत्येक वेळी हवीच का? बिटकॉइनवर दोनदा फी पडते.

हिशोबी

रोजच्या, वहीत जतन केलेल्या पत्त्यावर नको. नवा पत्ता, नवं नेटवर्क, किंवा गेली तर झोप उडेल अशी रक्कम, यातलं एकही लागू असेल तर हवी. दुसरी फी हा विम्याचा हप्ता समजा.

दोन बारकावे. एक्स्चेंजवर (नाणी विकत घेण्याच्या बाजारावर) जमा करण्याची किमान मर्यादा असते आणि ती नाणं व नेटवर्कनुसार बदलते. त्याखालची रक्कम चेनवर पोहोचते पण खात्यात दिसत नाही, आणि लोक पत्ता चुकला म्हणून घाबरतात. चाचणी त्या मर्यादेच्या थोडी वर ठेवा. दुसरं, "व्यवहार यशस्वी" हा चेनवरचा शेरा पुरेसा नाही. समोरच्याच्या खात्यात वापरता येईल अशी शिल्लक दिसली की मगच चाचणी पास.

मेमपूल_पहारा

आता फी. बिटकॉइनपासून, कारण तिथला हिशोब समजला की बाकीचं सोपं.

बिटकॉइनची फी रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर असते. एक हजार सॅट पाठवा की एक हजार बिटकॉइन, आकार तोच असेल तर फी तीच. आकार व्हीबाइटमध्ये मोजतात आणि दर "सॅट प्रति व्हीबाइट". १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सॅट.

आकार कशाने वाढतो? तुमच्या पाकिटात शिल्लक एक आकडा दिसते, पण आत ती वेगवेगळ्या नोटांसारखी असते. आजवर मिळालेली प्रत्येक रक्कम ही वेगळी नोट. पाठवताना जितक्या नोटा लागतील तितके इनपुट. बीसी१क्यू पत्त्यांचे ढोबळ आकडे असे: मूळ खर्च १०.५ व्हीबाइट, प्रत्येक इनपुट ६८, प्रत्येक आउटपुट ३१. आउटपुट सहसा दोन, एक घेणाऱ्याचा आणि एक तुमच्याकडे परत येणारी मोड. म्हणजे एक नोट मोडून पाठवलं तर १०.५ + ६८ + ६२ = सुमारे १४१ व्हीबाइट. दहा नोटा लागल्या तर १०.५ + ६८० + ६२ = ७५३. दर १२ सॅट असेल तर पहिल्याला १,६९२ सॅट, दुसऱ्याला ९,०३६. रक्कम सारखीच, फी पाचपटीहून जास्त. "माझीच फी एवढी कशी" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

"१"ने सुरू होणारा जुना पत्ता वापरत असाल तर एका इनपुटला १४८ बाइट पडतात आणि साधा व्यवहार २२६ वर जातो. निव्वळ पत्त्याचा प्रकार बदलून तिसरा हिस्सा वाचतो.

दर कसा ठरवायचा? व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र नोंदल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात, जातात आणि एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त १० लाख व्हीबाइट मावतात. थांबलेले व्यवहार मेमपूलमध्ये असतात आणि ब्लॉक काढणारे जास्त दरवाले आधी उचलतात. कुठलाही मेमपूल दाखवणारा तक्ता उघडा आणि एवढंच बघा: तुम्ही ठरवलेल्या दराच्या वर किती व्हीबाइट उभे आहेत. १५ सॅटच्या वर १८ लाख व्हीबाइट असतील तर १५ लावणाऱ्याच्या पुढे जवळपास दोन ब्लॉक आहेत, त्याचा नंबर दुसऱ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्यात. अर्थात त्या वेळात नवे, जास्त दराचे व्यवहार येऊन मध्ये घुसतात, म्हणून थोडी ढील ठेवायची.

ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण सरासरीवर वेळापत्रक बांधू नका. पुढच्या ब्लॉकला अर्ध्या तासाहून जास्त लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. शिवाय गेल्या ब्लॉकला वीस मिनिटं झाली म्हणून पुढचा "आता येईलच" असंही नसतं. फी भरपूर लावूनही थांबावं लागतं ते यामुळे. ब्लॉकच निघाला नाही तर जास्त फी काय करणार?

दशांश

एकक तपासा, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. काही वॉलेट दर विचारतात, काही एकूण फी. एकूण फीच्या रकान्यात १५ लिहिलं तर व्यवहार कुणी उचलणार नाही, आणि दराच्या रकान्यात ३,००० लिहिलं तर साध्या व्यवहारालाही सव्वाचार लाख सॅट जातील. दशांश चिन्हाचाही घोळ होतो: काही भाषांच्या मांडणीत स्वल्पविराम हाच दशांश असतो. सही करण्याआधी एकूण फी त्या नाण्यात आणि टक्केवारीत, दोन्ही वाचा.

बिटकॉइनमध्ये फी वेगळी लिहिलेलीच नसते. इनपुटमधून आउटपुट वजा जाता जे उरतं ती फी. मोडीचा आउटपुट टाकायचा राहिला की सगळी मोड ब्लॉक काढणाऱ्याला. सप्टेंबर २०२३मध्ये एका व्यवहारात १९.८ बिटकॉइन फी गेली होती. ब्लॉक काढणाऱ्यांच्या गटाने (पूलने) ती परत केली, पण तसं बंधन कुणावर नसतं.

सायली_सं

आमच्यासारख्यांच्या वॉलेटमध्ये फक्त "मंद, मध्यम, जलद" अशी तीन बटणं असतात. तिथे काय निवडायचं?

मेमपूल_पहारा

घाई नसेल तर मंद, पण एका अटीवर: फी नंतर वाढवता येण्याची सोय त्या वॉलेटमध्ये असली पाहिजे. अशी सोय असलेल्या वॉलेटमध्ये "जलद" निवडायची वेळ फार कमी येते. कमीवर टाका, अडलं तरच वाढवा. सोय नसेल तर मध्यम, आणि जमल्यास वॉलेट बदला.

बटणांमागचा अंदाज गेल्या काही ब्लॉकांवरून काढलेला असतो, त्यामुळे गर्दी ओसरल्यावरही तो काही काळ चढाच राहतो. २० एप्रिल २०२४ ला ८,४०,००० व्या ब्लॉकला ब्लॉक काढणाऱ्यांचं बक्षीस अर्धं झालं, त्याच वेळी रून्स (बिटकॉइनवर टोकन बनवायची पद्धत) सुरू झाले, आणि त्या एका ब्लॉकमध्ये ३७ बिटकॉइनहून जास्त फी जमली. अशा दिवशी घाई नसलेल्याने थांबणं हाच शहाणपणा. एरवीही शनिवार-रविवारी गर्दी बहुधा कमी असते.

नोट_मोड

अडकलेल्या व्यवहाराचं गणित मी मांडतो, कारण त्यात नेहमी गोंधळ होतो.

पहिला उपाय आरबीएफ, म्हणजे तोच व्यवहार जास्त फी लावून बदलणं. हे पाठवणाऱ्यालाच जमतं. १४१ व्हीबाइटचा व्यवहार ४ सॅटने टाकला, फी ५६४. नवा व्यवहार चालायला एकूण फी जुन्यापेक्षा जास्त हवीच, शिवाय नव्या आकाराला प्रति व्हीबाइट आणखी १ सॅट. म्हणजे किमान ५६४ + १४१ = ७०५. (बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही वाढ ०.१ वर आली आहे, पण जुने नोड, म्हणजे व्यवहार तपासून पुढे पाठवणारे संगणक, बरेच आहेत, १ धरूनच चाला.) तरी ४ वरून ५ करून उपयोग नाही. मेमपूल बघा, १५ लागत असेल तर थेट १५ करा: २,११५ सॅट. एक-एक सॅटने पाच वेळा वाढवत बसू नका. बदललेल्या व्यवहाराचा आयडी नवा असतो, तो घेणाऱ्याला कळवा, नाहीतर तो जुन्याकडे बघत राहील आणि जुना गायब झाला म्हणून घाबरेल.

दुसरा उपाय सीपीएफपी. अडकलेल्या व्यवहारातून तुमच्याकडे येणारी रक्कम जास्त फी लावून पुढे खर्च करायची. मूल उचलायचं तर आई उचलावीच लागते, म्हणून ब्लॉक काढणारे दोघांचा मिळून दर बघतात. हे घेणाऱ्यालाही जमतं, आणि मोड परत आलेली असेल तर पाठवणाऱ्यालाही. समजा आई १४१ व्हीबाइट, २ सॅटने, फी २८२. मूल एक इनपुट एक आउटपुट, ११० व्हीबाइट. दोघांचा मिळून दर २० हवा. २५१ × २० = ५,०२०. त्यातून २८२ वजा, मुलाची फी ४,७३८ सॅट. मुलाचा स्वतःचा दर ४३ पडतो. लोक मुलाला २० लावतात आणि मग काहीच का हललं नाही विचारतात. दोघांची सरासरी तेव्हा जेमतेम १० होते.

दोन्ही उपाय शक्य असतील तर आरबीएफ स्वस्त, कारण जादा बाइट विकत घ्यावे लागत नाहीत. पण अडकलेल्या व्यवहाराची मोड तुम्ही आधीच पुढे खर्च केली असेल, तर आरबीएफने तो पुढचा व्यवहारही रद्द होतो आणि त्याची फीसुद्धा भरून काढावी लागते. तेव्हा अपुष्ट मोड शक्यतो हलवू नका.

वाटसरू

आणि काहीच केलं नाही तर?

नोट_मोड

नोड सहसा १४ दिवसांनी असा व्यवहार विसरतात. मेमपूल ३०० मेगाबाइट भरला तर सगळ्यात कमी दरवाले त्याआधीही बाहेर पडतात. पैसे "परत येतात" असं म्हणतात, पण ते कुठे गेलेलेच नसतात, फक्त वॉलेट त्यांना पुन्हा वापरू देतं. सावध राहा मात्र: विसरला म्हणजे मेला नाही. कुणीही तोच सही केलेला व्यवहार पुन्हा प्रसारित करू शकतं. घेणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे पाठवायचे असतील तर जुन्याच नोटांपैकी किमान एक नव्या व्यवहारात वापरा. मग दोन्ही एकत्र चालूच शकत नाहीत.

नियंत्रक

सूचना. "अडकलेला व्यवहार सोडवून देतो", "गेलेले पैसे काढून देतो" असे निरोप ज्यांना खासगीत येतील त्यांनी ते इथे कळवा. अशा लोकांना तुमच्या पाकिटाचे १२ किंवा २४ गुप्त शब्द (ज्यांनी पाकीट पुन्हा उघडता येतं) हवे असतात किंवा आगाऊ फी. अडकलेला व्यवहार सोडवायला तुमचे शब्द कुणालाही लागत नाहीत.

नोन्स_शून्य

ईथरियमकडे वळू.

तिथे फी = वापरलेला गॅस (व्यवहाराला लागलेल्या संगणकीय कामाचं माप) × दर. साधा ईथर पाठवायला २१,००० गॅस. टोकन पाठवायला ढोबळमानाने ४५ ते ६५ हजार, आणि घेणाऱ्याकडे ते टोकन आधी शून्य असेल तर वरच्या टोकाला, कारण त्याच्या नावाची नवी नोंद लिहावी लागते. दर ग्वेईमध्ये, १ ईथर म्हणजे १०० कोटी ग्वेई.

५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन सुधारणेपासून दराचे दोन भाग आहेत. बेस फी प्रोटोकॉल ठरवतो आणि ती जाळली जाते. टीप व्हॅलिडेटरला, म्हणजे तिथे ब्लॉक बनवणाऱ्याला, मिळते. ब्लॉक भरलेले येत राहिले तर बेस फी दर ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के वाढते, रिकामे आले तर तेवढीच उतरते. वॉलेट तुम्हाला "कमाल फी" विचारतं, ती मर्यादा असते, किंमत नव्हे. बेस ८, टीप १ असेल तर वॉलेट कमाल १७ सुचवतं, म्हणजे बेसची दुप्पट अधिक टीप. प्रत्यक्षात कापले जातील ९ × २१,००० = १,८९,००० ग्वेई, म्हणजे ०.०००१८९ ईथर. कमाल मुद्दाम ९ वर बांधून ठेवण्यात काही वाचत नाही. बेस जरा वर गेली की व्यवहार लटकतो. दुप्पट का, तर बेस दुप्पट व्हायला लागोपाठ सहा भरलेले ब्लॉक लागतात, १२ सेकंदांचा एक असे ७२ सेकंद.

खरी वाचवायची जागा वेळ. घाई नसेल तर कमाल फी आजच्या बेसच्या खाली ठेवून टाका आणि बेस उतरायची वाट बघा. फक्त तेवढा वेळ त्या खात्यातून दुसरं काही पाठवू नका, कारण नोन्स.

नोन्स म्हणजे खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक. ४१ अडकला तर ४२, ४३ कितीही फी लावली तरी पुढे सरकत नाहीत. लोक घाबरून चार व्यवहार टाकतात आणि चारही रांगेत उभे राहतात. मग ४१ सुटला की चारही धडाधड जातात. इलाज: ४१ याच नोन्सने नवा व्यवहार, कमाल फी आणि टीप दोन्ही किमान १० टक्के जास्त. फक्त एक वाढवली तर नोड नाकारतो. रद्द करायचा असेल तर त्याच नोन्सने स्वतःलाच शून्य ईथर. रद्द करणं ही शर्यत आहे, आधीचा व्यवहार ब्लॉकमध्ये गेला असेल तर काही होत नाही.

दशांश

@नोन्स_शून्य, फसलेल्या व्यवहाराची फीसुद्धा जाते हे राहिलं. गॅसची मर्यादा कमी ठेवली की व्यवहार मध्येच संपतो, टोकन जागेवरच राहतं पण गॅसचे पैसे गेलेले असतात. न वापरलेला गॅस मात्र परत मिळतो, म्हणून मर्यादा जास्त असण्यात तोटा नाही. फी वाचवायला मर्यादेला हात लावू नका, दराला लावा.

नोन्स_शून्य

अगदी बरोबर, धन्यवाद. आणखी एक त्याच जातीचं: टोकन पाठवायलाही त्या चेनचं मूळ नाणं लागतं. ईथरियम, आर्बिट्रम, बेसवर ईथर, बीएनबी चेनवर बीएनबी, पॉलिगॉनवर पीओएल, ट्रॉनवर टीआरएक्स, सोलानावर सोल. पाकिटात फक्त यूएसडीटी असेल तर ते हलत नाही.

रोलअपवर (आर्बिट्रम, बेससारख्या ईथरियमच्या आधारावर चालणाऱ्या चेनवर) फी १३ मार्च २०२४ च्या डेनकन सुधारणेनंतर खूपच उतरली, त्यामुळे छोट्या रकमांना तोच रस्ता. पण ऑप्टिमिस्टिक रोलअपवरून (या दोन्ही त्याच प्रकारच्या) अधिकृत पुलाने, म्हणजे चेन बदलायच्या सोयीने, मुख्य चेनवर परत यायला ७ दिवस लागतात, हे जाण्याआधी माहीत हवं. आणि टोकन पाठवताना घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी टोकनच्याच कॉन्ट्रॅक्टचा (ते टोकन चालवणाऱ्या चेनवरच्या प्रोग्रामचा) पत्ता पडणार नाही हे बघा. माहितीच्या पानावरून पत्ता उचलताना ही चूक होते आणि टोकन तिथे कायमचं अडकतं.

सायली_सं

ट्रॉनवर यूएसडीटी पाठवताना फी एकदा कमी, एकदा जवळपास दुप्पट का लागते?

साखळदंड

ट्रॉनवर दोन साधनं खर्च होतात, बँडविड्थ आणि एनर्जी. बँडविड्थचे ६०० गुण दररोज फुकट मिळतात, एका यूएसडीटी व्यवहाराला सुमारे ३४५ लागतात, म्हणजे दिवसाला एक निघतो. एनर्जी फुकट नसते. घेणाऱ्याकडे आधीपासून यूएसडीटी असेल तर सुमारे ६५ हजार, नसेल तर सुमारे १ लाख ३० हजार. तीच तुमची दुप्पट. एनर्जी नसली तर तेवढ्या किमतीचे टीआरएक्स जळतात. नेहमी पाठवणाऱ्याने टीआरएक्स स्टेक करून (अडकवून ठेवून) एनर्जी मिळवावी.

सोलानावर उलटं: मूळ फी प्रत्येक सहीला ५,००० लॅम्पोर्ट, म्हणजे ०.०००००५ सोल, आणि गर्दीत थोडी प्राधान्य फी. घेणाऱ्याकडे त्या टोकनचं खातं नसेल तर ते उघडायला सुमारे ०.००२ सोल जातात, फीच्या शेकडो पट, आणि लोकांना वाटतं फी वाढली. तिथे व्यवहार अडकून राहत नाही. १५० ब्लॉकांत गेला नाही तर बाद, साधारण एका मिनिटाचा खेळ. बाद झाल्याची खात्री करून मगच पुन्हा सही करा, नाहीतर दोनदा जाईल.

एक्सआरपी आणि स्टेलरवर फी नगण्य, धोका टॅगचा. एक्स्चेंजचा पत्ता सगळ्या ग्राहकांना एकच असतो, पैसे कुणाचे हे फक्त टॅग किंवा मेमो सांगतो. तो विसरलात तर पैसे एक्स्चेंजच्या पाकिटात आहेत, हरवलेले नाहीत. व्यवहाराचा आयडी, रक्कम, वेळ घेऊन त्यांच्या मदत कक्षात अर्ज करा. स्वतःच्या खासगी पाकिटावर पाठवताना टॅग लागत नाही. नवं एक्सआरपी खातं किमान १ एक्सआरपी आल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे चाचणीची रक्कम तिथे त्याहून जास्त हवी.

वाटसरू

चुकीच्या चेनवर पाठवलं गेलंच, तर सगळं संपलं का?

हिशोबी

पत्ता कुणाच्या ताब्यात आहे त्यावर अवलंबून. घेणाऱ्याचं स्वतःचं साधं वॉलेट असेल आणि दोन्ही चेन ०एक्सवाल्या असतील तर काहीच गेलेलं नाही. त्याच किल्लीने (पाकिटाच्या गुप्त आकड्याने) त्या दुसऱ्या चेनवर जायचं, तिथलं मूळ नाणं थोडं मागवायचं आणि टोकन हलवायचं. एक्स्चेंजचा पत्ता असेल तर किल्ली त्यांच्याकडे, काढून द्यायचं की नाही ते त्यांच्या धोरणावर, आणि बऱ्याचदा त्याला वेगळी फी.

वाईट प्रसंग कॉन्ट्रॅक्ट वॉलेटचा. मल्टिसिगचा (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या अशा वॉलेटचा) पत्ता एका चेनवर तुमचा आहे म्हणून दुसऱ्या चेनवरही तुमचा असतोच असं नाही. मे २०२२मध्ये ऑप्टिमिझम या चेनवर तिचे २ कोटी ओपी टोकन अशा पत्त्यावर गेले जो ईथरियमवर होता पण ऑप्टिमिझमवर अजून उभारलेलाच नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी तिथे कॉन्ट्रॅक्ट उभारून ताबा घेतला. मल्टिसिगवर पाठवण्याआधी त्याच चेनच्या एक्सप्लोररवर (तिचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) तो पत्ता उघडा आणि कॉन्ट्रॅक्ट दिसतो का बघा.

एक्स्चेंजवरून काढताना दोन गोष्टी. तिथली फी ठरावीक असते, नेटवर्कच्या प्रत्यक्ष दरापेक्षा वेगळी, त्यामुळे दहा वेळा थोडं काढण्यापेक्षा एकदाच काढलेलं परवडतं. आणि पत्त्यांची मान्य यादी (पैसे फक्त तिच्यातल्या पत्त्यांवरच निघतात) चालू करा. नवा पत्ता जोडल्यावर काही तास थांबावं लागतं, पण खातं दुसऱ्याच्या हाती गेलं तरी तेवढा वेळ तुमच्याकडे राहतो.

नोट_मोड

वर दहा नोटांचा विषय निघाला होता, तो पुरा करतो. दर खाली असताना सुटे तुकडे एकत्र करून ठेवा. ४० छोटे इनपुट एका आउटपुटमध्ये: १०.५ + २,७२० + ३१ = २,७६२ व्हीबाइट. २ सॅटच्या दराने ५,५२४ सॅट. हेच ५० चा दर असताना घाईत करावं लागलं तर १,३८,१०० सॅट. तोटा एवढाच की सगळे तुकडे एकाच मालकाचे आहेत हे चेनवर कायमचं उघड होतं. ज्यांचा एकमेकांशी संबंध कुणाला कळू नये असे तुकडे एकत्र करू नका. नोटा हाताने निवडण्याची सोय असलेलं वॉलेट वापरा. आणि २९४ सॅटच्या खालचा बीसी१क्यू आउटपुट नोड धूळ समजून पुढे पाठवतच नाहीत, तो वेगळा पाठवायचा प्रयत्न सोडा.

सायली_सं

शेवटचा प्रश्न. किती कन्फर्मेशन (व्यवहाराच्या ब्लॉकपासून मोजलेले ब्लॉक) झाली की समोरच्याला माल द्यायचा?

मेमपूल_पहारा

शून्यावर कधीच नाही. आरबीएफ आता बिटकॉइन कोअरमध्ये सगळ्या व्यवहारांना गृहीत धरलं जातं, अपुष्ट व्यवहार केव्हाही बदलू शकतो. किरकोळ रकमेला १, मोठ्या रकमेला ६. बिटकॉइनच्या मूळ श्वेतपत्रिकेतल्या गणिताप्रमाणे १० टक्के संगणनशक्ती असलेल्या हल्लेखोराला ६ ब्लॉक उलटवायची संधी ०.०२४ टक्के राहते. ईथरियमवर "अंतिम" असा शेरा यायला दोन इपॉक, म्हणजे १२ सेकंदांचे ६४ स्लॉट (ब्लॉकच्या जागा), साधारण १३ मिनिटं लागतात. एक्सप्लोररवर तो शब्द दिसेपर्यंत थांबा. आणि समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. त्याच्याकडून व्यवहाराचा आयडी घ्या, तो स्वतः एक्सप्लोररवर टाका, आणि आउटपुटमध्ये तुमचा पत्ता व पूर्ण रक्कम आहे का ते वाचा. टोकन असेल तर कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही ताडा, त्याच नावाची खोटी टोकन फुकटात बनतात.